तह झाला, पण कोणाशी?

आमचे काका दिवाणी वकील. सगळी वकिली वाटण्या, वारसाहक्क आणि बांधाच्या भांडणांत गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्या कपाटातून ‘मोरियाची बखर’ उचलली. म्हणाले, यात लढाया कमी आणि दावे जास्त आहेत, माझ्या कामाचं पुस्तक आहे. मोरिया म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेचा पेलोपोनीज. चौथ्या क्रुसेडनंतर तिथे फ्रेंच सरदारांनी आपलं राज्य थाटलं. ग्रीक लोक या सगळ्या पाश्चात्त्यांना सरसकट फ्रँकच म्हणत. मी याच काळावर काम करते, त्यामुळे वाद होणारच होता. एका रविवारी जेवणं आटोपल्यावर सुरू झाला आणि चहा दोनदा झाला तरी चालूच राहिला. त्यातला छापण्याजोगा भाग इथे देते. काकांनी तो वाचून संमती दिली आहे, ‘माझी बाजू जरा लंगडी केलीस’ एवढी हरकत नोंदवून.

काका : तुम्ही लोक एप्रिल १२०४ पाशी येऊन थांबता. कॉन्स्टँटिनोपल लुटलं, हळहळ व्यक्त केली, मिटलं पुस्तक. अगं, लूट तीन दिवसांची. त्यानंतर मोरियात याच मंडळींनी सव्वादोनशे वर्षं राज्य केलं, त्याचं काय? मूठभर घोडेस्वार परमुलखात इतकी वर्षं नुसत्या तलवारीच्या धाकावर टिकतात का?

मी : नाही टिकत. पण सुरुवात लुटीपासूनच करावी लागेल. तुम्हीच म्हणता ना, आधी मूळ मालकी बघायची.

काका : बघू की. १२०१ मध्ये क्रुसेडवाल्यांचा व्हेनिसशी लेखी करार झाला. ३३,५०० माणसं आणि ४,५०० घोडे समुद्रापार न्यायचे, मोबदला ८५,००० मार्क चांदी. व्हेनिसनं जहाजं बांधून तयार ठेवली. माणसं किती आली? जेमतेम तिसरा हिस्सा. पैसे कमी पडले. आता व्हेनिसच्या त्या म्हाताऱ्या प्रमुखानं, दांदोलोनं, काय करायचं होतं? मग पदच्युत सम्राटाचा मुलगा अलेक्सिओस आला, मला गादीवर बसवा म्हणाला, दोन लाख मार्क कबूल केले. १२०३ मध्ये त्याला बसवलं आणि त्यानं पैसे थकवले. ही थकबाकीची वसुली आहे, दुसरं काही नाही.

मी : वसुलीसाठी आधी झारा हे ख्रिस्ती शहर घेतलं, पोपनं मनाई केलेली असताना. आणि कॉन्स्टँटिनोपलच्या लोकांनी कुठल्या कागदावर सही केली होती? एका परागंदा पोरानं दिलेला शब्द, आणि जप्ती अख्ख्या शहरावर?

काका : तो भाग कच्चा आहे, मान्य.

मी : निकेतास खोनियातेस हा बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक, साम्राज्यातला बडा अधिकारी आणि इतिहासकार. आधीच्या वर्षीच्या आगीत त्याचा वाडा गेला होता, आयासोफियाजवळच्या लहान घरात तो बायकामुलांना घेऊन राहत होता. लूट सुरू झाली तेव्हा त्याला वाचवलं कोणी? त्याच्याच ओळखीच्या एका व्हेनिसच्या व्यापाऱ्यानं. त्या माणसानं चिलखत चढवलं आणि दारात उभा राहून सांगू लागला, हे घर मी आधीच काबीज केलंय. ते जमेना झालं तेव्हा सगळ्यांना कैदी म्हणून हाताला धरून बाहेर काढलं. वाटेत एका शिपायानं एका न्यायाधीशाची मुलगी ओढून नेली. निकेतास त्या शिपायाच्या मागे गेला, दुसऱ्या शिपायांच्या हातापाया पडला आणि तिला सोडवून आणली. हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय.

काका : बघ, त्यातही व्हेनिसचा माणूसच उपयोगी पडला. आणि ११८२ मध्ये याच शहरात लॅटिन, म्हणजे पश्चिमेकडच्या, व्यापाऱ्यांची कत्तल झाली होती, ते तुझ्या निकेतासला ठाऊक होतंच की.

मी : होतं. त्यानं तेही लिहिलंय. एका कत्तलीची दुसरीतून वजाबाकी होत नाही, काका.

(इथे काकूंनी डाव्या हातानं बशी सरकवली, त्याचा अर्थ आवाज खाली आणा असा होता. लुटीनंतर कॉन्स्टँटिनोपलमध्ये उभारलेल्या लॅटिन साम्राज्याचं पुढे काय झालं ते आम्ही दोन वाक्यांत उरकलं, कारण त्याबद्दल दुमत नव्हतं. सत्तावन्न वर्षांत ते कंगाल झालं. शेवटच्या सम्राटाच्या काळात येशूच्या काटेरी मुकुटाचा पवित्र अवशेषही व्हेनिसकडे गहाण पडला आणि फ्रान्सच्या राजानं तो सोडवून पॅरिसला नेला. पोटचा मुलगाही सावकारांकडे तारण राहिला. १२६१ मध्ये ग्रीकांनी शहर जवळजवळ न लढता परत घेतलं. मोरियाची गोष्ट निराळी आहे.)

काका : आता मोरिया. सुरुवात बघ कशी आहे. जॉफ्रुआ द विलार्दुअँ पॅलेस्टाईनहून येत होता, वादळानं त्याचं जहाज मेथोनीला लागलं. तिथल्या एका ग्रीक जमीनदारानं त्याला हाताशी धरलं, दोघांनी मिळून आसपासचा मुलूख घेतला. म्हणजे पहिला फ्रँक मोरियात आला तो ग्रीकाचा भागीदार म्हणून! तो जमीनदार मेला, मुलानं भागीदारी मोडली, मग हा जॉफ्रुआ शांप्लितच्या गिय्योम या सरदाराला गाठून शंभरेक सरदार आणि थोडे स्वार घेऊन परत आला. एक मोठी लढाई झाली, जैतुनाच्या बागेतली. ती सोडली तर बहुतेक गावं बोलणी करून आली.

मी : त्या जमीनदाराचा हेतू काय होता? शेजाऱ्याची जमीन. त्याला फ्रँक म्हणजे भाड्याची लाठी.

काका : असेल. पण अटी वाच. ग्रीक सरदार, त्यांना आर्खोन म्हणत, त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे राहतील. धर्म बदलायची सक्ती कोणी करायची नाही. रोमनांच्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या, चालीरीती आणि कायदा चालू राहील. आणि जहागिरी वाटायला जी मंडळी बसली, त्यांत हे आर्खोनही होते. जिंकलेल्यानं हरलेल्याला वाटपाच्या बैठकीला बसवलं. अशी किती उदाहरणं तुला देता येतील?

मी : ही बातमी तुम्हाला कोणी दिली?

काका : बखरीनं.

मी : बखर चौदाव्या शतकातली, घटनेनंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेली. ग्रीक, फ्रेंच, अरागोनी, इटालियन, अशा चार अवतारांत ती आहे. ग्रीक अवतार पद्यात, नऊ हजारांहून जास्त ओळी, आणि भाषा दरबारी नाही, बाजारात बोलतात ती. पण तिच्यातला कवी कॉन्स्टँटिनोपलच्या लोकांना विश्वासघातकी म्हणतो, फ्रँकांच्या शब्दाचे गोडवे गातो. अशा माणसाच्या तोंडी तहाच्या अटी तुम्ही जशाच्या तशा मानता?

काका : उलट मला तर हाच सर्वांत मोठा पुरावा वाटतो. शंभर वर्षांत ग्रीक बोलणारा, ग्रीक ऐकणाऱ्यांसाठी लिहिणारा एक माणूस फ्रँकांना ‘आपले’ म्हणायला लागला. भाडोत्री भाट असता तर फ्रेंचमध्ये लिहिता, तिकडे बिदागी जास्त मिळाली असती.

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. या बखरीचा कर्ता कोण, फ्रँक बाप आणि ग्रीक आई असलेला कोणी ‘गास्मूलोस’ की मोरियातच रुजलेला फ्रँक, यावर अभ्यासकांची घासाघीस चालूच आहे. काकांचा मुद्दा मात्र त्या वादाच्या निकालावर अवलंबून नव्हता.

मी : ठीक आहे, त्याला फ्रँक आपले वाटत होते. पण तो ज्यांच्यात वावरत होता ते कोण? सरदार, त्यांचे कारभारी, घोडेवाले. तुमच्या तहात एक पक्षकार नाहीच. ‘असिझेस ऑफ रोमेनिया’ वाचलंत का? मोरियाच्या फ्रँक राज्याचा कायदेसंग्रह, २१९ कलमं, चौदाव्या शतकात लिहून काढलेला.

काका : चाळलाय.

मी : मग ऐका. मालकाला आपल्या कुळाची सगळी जंगम मालमत्ता काढून घेता येते, फक्त तो जगेल एवढं मागे ठेवायचं. सरदारावर जिवाचा गुन्हा असेल तर कुळाची साक्ष त्याच्याविरुद्ध चालत नाही. आणि हे सगळ्यांत स्वच्छ: एखाद्याच्या हातून चुकून दुसऱ्याचा कूळमाणूस मेला, तर त्यानं त्याच्या मालकाला बदली माणूस द्यायचा. भरपाई मालकाला. मेलेल्याच्या बायकोला काही नाही.

(काकांनी कलम पुन्हा वाचायला मागितलं. वाचलं. चष्मा काढून पुसला. हा त्यांचा कोर्टातला जुना डाव आहे, तेवढ्यात ते पुढचा मुद्दा जुळवतात.)

काका : बरं. पण याच्या आधी काय होतं? बायझंटाईन राज्यात ही कुळं सुखात होती? तुझ्याच निकेतासचा थोरला भाऊ मिखाईल अथेन्सचा आर्चबिशप होता. फ्रँक यायच्या आधीच तो सम्राटाला तक्रारअर्ज लिहीत होता, अथेन्सवर करांची लादणूक होतेय, लोक गाव सोडून जातायत म्हणून. आणि नाफ्प्लिओचा तो लिओन स्गूरोस? शुद्ध ग्रीक. कॉरिंथच्या आर्चबिशपला जेवायला बोलावलं, डोळे काढले आणि कड्यावरून ढकलून दिलं. हे फ्रँकांनी केलं नाही.

मी : नाही केलं. पण कायद्यात एक फरक होता आणि तुम्ही वकील आहात म्हणून सांगते. बायझंटाईन कूळ गरीब असे, जमिनीला बांधलेलं असे, करानं पिळलेलं असे. तरी कायद्यापुढे ती स्वतंत्र माणसं होती, राजाच्या न्यायालयात उभी राहू शकत होती. फ्रँकांनी आपल्याकडची दास-शेतकऱ्याची कल्पना आणून त्यांच्यावर चढवली आणि सरसकट सगळ्यांना बेड्या घातल्या. तुमच्या आर्खोनांना ते सोयीचंच पडलं. जुना कायदा राहील अशी अट होती ना? ती त्यांच्या वारसाहक्कापुरती राहिली. कुळांचा जुना दर्जा राखावा म्हणून कोणी भांडलं नाही.

काका : आर्खोन भांडतील तरी कशाला. त्यांचीच कुळं ती.

मी : तेच तर म्हणतेय मी.

काका : म्हणजे ते गावाचे प्रतिनिधी नव्हते, गावाचे मालक होते. हं. पण मला त्या राज्यातला कायदा का आवडतो ते सांगतो. आकोवाचा खटला.

हा खटला काकांनी मला याआधीही ऐकवला आहे, पण त्यांच्या तोंडून तो ऐकण्यासारखाच आहे. १२५९ मध्ये पेलागोनियाच्या लढाईत मोरियाचा राजपुत्र गिय्योम हरला. तो जॉफ्रुआचा मुलगा, जन्म कालामाताचा, ग्रीक सहज बोलणारा. गवताच्या गंजीत लपला होता. पुढे आलेल्या दातांवरून शत्रूच्या शिपायानं त्याला ओळखलं. जवळपास तीन वर्षं कैदेत होता. सुटकेची किंमत म्हणून ग्रीक सम्राटानं किल्ले मागितले, त्यांत मोनेम्वासिया आणि गिय्योमनं स्वतः बांधलेला मिस्त्रास. निर्णय घ्यायला निक्ली इथे सभा भरली. बहुतेक सरदार मारले गेलेले किंवा राजपुत्राबरोबर तुरुंगात, म्हणून सभेत बसल्या त्यांच्या बायका. अथेन्सच्या सरदारानं विरोध केला, किल्ले देणं म्हणजे राज्य देणं. बायकांना नवरे परत हवे होते. किल्ले दिले. आणि अट पाळली जाईल याची हमी म्हणून दोन मुली ओलीस पाठवल्या, त्यांतली एक मार्गारेट, मार्शलची मुलगी.

काका : ती कॉन्स्टँटिनोपलला ओलीस असताना इकडे तिचा मामा मेला, आकोवाचा सरदार. चोवीस जहागिरींचा मोठा मुलूख, वारस ती. परत येऊन हक्क सांगते तर राजपुत्र म्हणतो, मुदत टळली. अगं, मुदत टळली का? तर ती त्याच्याच सुटकेसाठी ओलीस होती म्हणून! मग तिनं वजनदार घरातला नवरा केला, सेंट-ओमेरचा, आणि नवरा तिच्या वतीनं दाव्याला उभा राहिला. ग्लारेंत्साला, फ्रान्सिस्कन चर्चमध्ये दरबार भरला. आता बघ. राजपुत्रानं आपला राजदंड चॅन्सेलरच्या हातात दिला, न्यायासनावरून खाली उतरला आणि स्वतःची बाजू पक्षकार म्हणून मांडली. राजा आणि न्यायाधीश एकच असू नये हे त्याला कळत होतं.

मी : आणि निकाल?

काका : तिच्याविरुद्ध. मुदतीचं कलम स्पष्ट होतं.

मी : बरोबर. मग राजपुत्रानं उपकार म्हणून तिसरा हिस्सा तिला दिला आणि उरलेला स्वतःच्या धाकट्या मुलीच्या नावावर केला.

काका : ते वाईट झालं. पण प्रक्रिया बघ, प्रक्रिया!

मी : प्रक्रिया सुंदरच आहे. त्या आकोवाच्या किल्ल्याला फ्रँक लोक ‘मातग्रिफों’ म्हणत. अर्थ तुम्हाला माहीत आहे.

(काकांना माहीत होता: ग्रीकांना ठेचणारा. त्यांनी ते सांगितलं नाही म्हणून मी इथे लिहिते.)

काका : धर्माचं बोल मग. जबरदस्तीनं बाटवलं का? नाही. उलट विलार्दुअँनी स्वतःच्याच लॅटिन पाद्र्यांच्या जमिनी जप्त केल्या. पाद्र्यांकडे मुलखाचा तिसरा हिस्सा आणि लढाईला यायला नकार. बहिष्काराचा हुकूम आला, तो सोसला, आणि त्या उत्पन्नातून तीन वर्षांत ख्लेमूत्सीचा किल्ला उभा केला. अजून उभा आहे.

मी : बिशप मात्र ग्रीक राहिले नाहीत. मिखाईल खोनियातेसला अथेन्स सोडून केआ बेटावर जावं लागलं, आणि पार्थेनॉन, म्हणजे तेव्हाचं देवमातेचं ग्रीक चर्च, लॅटिनांच्या ताब्यात गेलं. गावचा पुजारी ठेवला, कारण गावोगाव पाठवायला लॅटिन पुजारी होते कुठे? सायप्रसमध्ये, तिथेही फ्रँक राज्यच, १२३१ मध्ये तेरा ग्रीक संन्याशांना जाळलं. लॅटिन पद्धतीच्या प्रसादाला नावं ठेवली म्हणून.

काका : सायप्रस वेगळं, मोरिया वेगळं. तू एका गावच्या दाव्यात दुसऱ्या गावचा पंचनामा जोडतेस.

मी : बरं, मोरियातच राहते. तुमच्या तहाची परीक्षा झाली ती मिस्त्रास ग्रीकांकडे गेल्यावर. सम्राटाच्या फौजा उतरल्या आणि स्कोर्ताच्या डोंगरातले आर्खोन फिरले. पुन्हा १३०२ च्या सुमारास, साव्हॉयचा फिलिप राजपुत्र झाला आणि त्यानं त्याच स्कोर्ताच्या आर्खोनांवर जादा कर बसवला. त्यांनी बंड केलं आणि मिस्त्रासच्या ग्रीकांना बोलावलं.

काका : का केलं? तहानं ते करातून मुक्त होते म्हणून! शंभर वर्षांपूर्वीचा कागद त्यांच्या लेखी जिवंत होता. फिलिप बाहेरचा, त्याला वहिवाट माहीत नव्हती.

मी : आणि कागद कोणाचा होता ते त्या बंडानंच दाखवलं. आर्खोनांवर कर पडला तेव्हा बंड. कुळांवर तो कायमच होता. काका, कुळांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. फ्लोरेन्सच्या अच्च्याइउओली सावकार घराण्याच्या मोरियात जमिनी होत्या, त्यांच्या चौदाव्या शतकातल्या याद्या टिकून आहेत. माणसागणिक नाव, घरातली माणसं, देणं किती. बखरीत राजपुत्राचे दातही आहेत. या लोकांचं त्या यादीबाहेर काही नाही.

काका : यादी म्हणजे गावचा खातेउतारा. तो कोणीही सरकार करेलच.

मी : करेल. मग तह केला म्हणून कौतुक कशाचं?

काका जरा थांबले. पुढचा मुद्दा मीच सांगायला हवा होता, पण तो त्यांनी काढला, आणि तो माझ्या बाजूला जड जाणारा होता.

काका : १४३० च्या आसपास मिस्त्रासच्या ग्रीकांनी फ्रँक राज्याचं उरलेलं सगळं परत मिळवलं. ग्लारेंत्सा, पात्रास. फ्रँक राज्य १४३२ मध्ये संपलं. ठीक. आता सांग, ग्रीकांच्या ताब्यात आलेल्या मुलखात तुझ्या कुळांच्या बेड्या निघाल्या?

मी : नाही.

काका : आर्खोन?

मी : होते तिथेच. १४१५ मध्ये सम्राट मान्युएलनं कॉरिंथच्या संयोगभूमीवरची भिंत पुन्हा बांधली, मोरिया वाचवायला, आणि तिच्यासाठी कर लावला. आर्खोनांनी त्याच्याविरुद्धही बंड केलं. तो तर त्यांचाच सम्राट होता.

काका : म्हणजे स्कोर्ताचंच बंड पुन्हा. फ्रँक असो की ग्रीक.

मी : त्याच सुमाराला मिस्त्रासमध्ये प्लेथॉन होता, तत्त्वज्ञ. त्यानं सम्राटाला आणि मोरियाच्या ग्रीक राजपुत्राला निवेदनं पाठवली. शेतकऱ्यावर शंभर फुटकळ कर आणि वेठ नको, उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा एकदाच घ्या. जो कर भरतो त्याला लढाईला नेऊ नका, जो लढतो त्याच्याकडून कर घेऊ नका. जमीन जो कसेल त्याची.

काका : असं लिहिलं त्यानं? पंधराव्या शतकात?

मी : लिहिलं. कसणाऱ्यानं पडीक ठेवली तर हक्क गेला, इथपर्यंत.

काका : अंमलबजावणी?

मी : काही झाली नाही. १४६० मध्ये तुर्क आले.

काका : त्या निवेदनांचं भाषांतर आहे का तुझ्याकडे?